सदतीस वळणं

डोंगराचा विषय निघाला तो थोरलीच्या चित्रामुळे. थोरली सहा वर्षांची. जेवणाच्या टेबलावर कोपरं टेकून तिनं ओळीनं तीन त्रिकोण काढले, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा खडू फासला आणि कागद आजीपुढे सरकवला.

आजीनं चष्मा चढवला. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. नातीचं चित्र झालं म्हणून काय, चूक ती चूक.

"डोंगर असा त्रिकोणी नसतो गं. एक बाजू उभी, एक बाजू उतरती. आणि असा सुटासुटा नसतो, त्याची रांग असते."

"तू पाहिलायस?"

"पुस्तकात पाहिलाय की."

"खरा खरा?"

"खरा नाही."

"मग तुला गं काय माहीत?" थोरली म्हणाली आणि कागद परत ओढून चौथा त्रिकोण काढायला लागली.

सगळे हसले. आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे ते जरा उशिरा आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डब्यात ठेवला, डबा दोनदा उघडून मिटला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

हे सगळं पाहत ओट्याशी उभी होती त्यांची सून. तिचं काम बस डेपोत. एकशे चाळीस ड्रायव्हर. त्यांतला कोण कुठली बस किती वाजता बाहेर काढणार, कोण सुट्टीवर, कोणाची बायको बाळंत, कोणाच्या जागी कोण, याचा तक्ता ती लावायची. डेपोत तिला तक्तेबाई म्हणत, आणि हळूहळू घरातही तेच नाव रुळलं होतं. नवरा रागावला की "तक्तेबाई" म्हणायचा आणि लाडात आला तरी तेच.

आजी डोंगरावर का गेल्या नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना गाडी लागायची. साधीसुधी नाही. सरळ रस्त्यावर त्या दिवसभर बसतील, पण रस्ता वळायला लागला की कानात काहीतरी फिरायचं, डोळ्यांपुढे सगळं तिरकं व्हायचं. सव्वीस वर्षांपूर्वी आजोबांनी हौसेनं गाडी ठरवून नेलं होतं. चौथ्या वळणाला आजी रस्त्याच्या कडेला दगडावर डोकं टेकून पडल्या होत्या आणि म्हणत होत्या, "मला इथंच सोडा, तुम्ही जाऊन या." तिथूनच सगळे परत फिरले. शाळेच्या सहली डोंगरावर निघाल्या की आजी मुलांना बसपर्यंत पोचवायच्या, दरी कशी पाहायची ते सांगायच्या आणि हात हलवून माघारी यायच्या.

"सुट्टीत डोंगरावर जाऊ या," तक्तेबाई दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"चालेल," नवरा म्हणाला. त्याचं काम चष्म्याच्या दुकानात, काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं. "आपण चौघं. आई-बाबा राहतील घरी."

"सहा जण."

"अगं, आईला…"

"सहा जण म्हटलं ना मी."

आजींच्या कानावर गेलं तसं त्या लगेच म्हणाल्या, "तुम्ही जा रे सगळे. मी घर सांभाळते."

"घर कुठं पळून चाललंय, आई?" तक्तेबाई म्हणाली. "घराला काही होत नाही. तुम्ही यायचं."

मग तिनं डेपोतला मोठा, चौकटी छापलेला कागद आणला आणि टेबलावर पसरला. तक्ता लावायचा म्हणजे आधी माणसं ओळखायची, ही तिची रीत. नव्या ड्रायव्हरला विचारावं तसं तिनं एकेकाला समोर बसवून विचारलं.

धाकटी तीन वर्षांची. तिला विचारून उपयोग नव्हता; घड्याळ लावून पाहिलं. गाडीत बांधून ठेवल्यावर ती पन्नास मिनिटं गाते, त्यानंतर किंचाळते. थोरली दर दहा मिनिटांनी "किती राहिलं?" विचारते. आजोबांनी स्वतःहून सांगितलं, "सव्वा तास. त्यापुढे माझी खात्री देऊ नका. म्हातारपणी टाकी लहान होते." शिवाय त्यांचे गुडघे, सलग बसले की कुरकुरतात. नवऱ्याची काहीच तक्रार नव्हती, फक्त जेवल्यावर तो बसल्या जागी झोपतो.

"आणि आई, तुम्ही?"

"चार वळणं," आजी म्हणाल्या. "पाचवं मी पाहिलेलं नाही."

तिनं तसंच लिहून घेतलं. वर जायच्या रस्त्याला किती वळणं आहेत, हे डेपोत विचारलं तर तिघांनी एका सुरात सांगितलं, "सदतीस."

त्याच दिवशी ती उस्तादांना भेटली. उस्ताद म्हणजे डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी डोंगरावरची बस चालवली होती, आणि आता नव्या पोरांना शिकवत होते. बारीक अंगाचे, कायम शर्टाच्या बाह्या दुमडलेले, आणि बोलायचे ते समोरच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघितल्यासारखं. तक्तेबाईनं आजींची सगळी हकिगत सांगितली. औषध विचारायला आली असणार, असं त्यांना वाटलं असावं.

"कानाच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गोळी दिलीय. पण ते म्हणाले, गोळीनं निम्मं काम होईल."

"मग उरलेलं निम्मं आपलं." उस्ताद म्हणाले. "बाई, तुम्हाला एक सांगू? गाडी लागत नाही कुणाला. ड्रायव्हर लागतो. तुमच्या सासूबाईंना सव्वीस वर्षांपूर्वी कोण घेऊन गेलं होतं?"

"भाड्याची गाडी होती. कोण होता कुणास ठाऊक."

"तो लागला त्यांना. आता कोण चालवणार आहे?"

"माझा नवरा."

"रविवारी सकाळी आणा त्याला."

रविवारी डेपोच्या मागच्या मोकळ्या आवारात उस्तादांनी जुने टायर मांडून वळणावळणाचा रस्ता तयार ठेवला होता. घरची सात सीटची जुनी गाडी आली. उस्तादांनी एका पसरट भांड्यात पाणी भरलं, ते नवऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी ठेवलं आणि म्हणाले, "एक चक्कर. पाणी सांडायचं नाही."

नवऱ्यानं चक्कर मारली. परत आला तेव्हा भांड्यात तळाशी बोटभर पाणी उरलं होतं आणि मागे बसलेली थोरली ओरडत होती, "बाबांनी पूर आणला!"

"मी चष्मे करतो," नवरा खाली उतरून म्हणाला. "मी ड्रायव्हर नाही."

"बाईंना बसवा," उस्ताद म्हणाले.

"मला? मी फक्त बाजारात आणि शाळेत नेते गाडी," तक्तेबाई म्हणाली. रोज एकशे चाळीस ड्रायव्हरांना रस्त्यावर धाडणारी ही बाई स्वतः गावाबाहेर कधी गाडी घेऊन गेली नव्हती. पण बसली. हळूहळू, दात आवळून तिनं ती चक्कर पुरी केली. अर्धं पाणी शिल्लक होतं.

उस्तादांनी भांड्यात वाकून पाहिलं. "शिकवण्यासारखं आहे," ते म्हणाले, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मागे बसा. मुली सांभाळा. तेही काम मोठंच आहे."

नवरा त्या दिवशी घरी जातानाही फुरंगटून मागेच बसला. दुसऱ्या रविवारी मात्र सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन, मुलींना बूट घालून तोच दारात उभा होता.

असे आठ रविवार गेले. उस्तादांचं शिकवणं थोडक्यात असायचं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेकला पाय लावायचा नाही. हात घाई करणार नाहीत. गिअर बदलला हे पाठीमागच्याला कळता कामा नये. रिकामी गाडी वेगळी चालते आणि भरलेली वेगळी, म्हणून मागे दोन्ही मुली, नवरा आणि डिक्कीत वाळूच्या दोन गोण्या. थोरलीकडे पाणी मोजायचं काम होतं. ती भांड्यात लाकडी पट्टी बुडवायची आणि गंभीरपणे जाहीर करायची, "तीन बोटं गेली." मग "दोन बोटं." सहाव्या रविवारी ती बराच वेळ पट्टी बुडवून बसली आणि म्हणाली, "काहीच गेलं नाही. आई, तू गाडी चालवलीस का नुसती बसलीस?"

एकच गोष्ट जमत नव्हती. मागे घेणं. टायरांच्या मधून, वळणावरून गाडी उलटी आणायची, तर दर वेळी एखादा टायर तरी आडवा व्हायचाच.

"हे नको ना, उस्ताद. वर तर पुढंच जायचंय."

"बाई, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा नियम आहे. पण समोर बस उभी राहिली आणि तिच्या मागे चार गाड्या असल्या, तर नियम घेऊन काय करणार? मागेच यावं लागतं. घ्या परत."

ती परत घ्यायची. टायर परत आडवा व्हायचा. आठव्या रविवारी दहापैकी सात वेळा सगळे टायर उभे राहिले. उस्ताद म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे खूप झालं, हे ती डेपोतल्या पोरांकडून ऐकून होती.

आजी हे सगळं दुरून पाहत होत्या. रविवारी दुपारी मुलींच्या ओल्या मोज्यांकडे बघून त्या विचारायच्या, "आज किती सांडलं?" पण येण्याचं नाव काढत नव्हत्या. शेवटी तक्तेबाईनंच विचारलं, "आई, एक छोटीशी चक्कर मारू या?"

गावात एका मोठ्या दुकानाची गाड्या लावायची पाच मजली इमारत होती. आत गोल गोल फिरत वर जायचा चढ. आजी पुढच्या सीटवर बसल्या, गोळी घेऊन अर्धा तास झाला होता, तोंडात आल्याची वडी होती, मांडीवर पिशवी होती आणि डोळे गच्च मिटलेले. तक्तेबाईनं गाडी आत घातली. एक फेरा, दोन, तीन. मागे नवरा फेरे मोजत बसलेला. चार. पाच. वर गच्चीवर मोकळं आकाश लागलं, तिथं तिनं गाडी उभी केली.

"का थांबलीस?" आजींनी डोळे न उघडता विचारलं. "सुरू कर की. एकदाचं होऊन जाऊ दे."

"आई, पोचलो. पाच झाली."

आजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. खाली गावातली छपरं दिसत होती. त्यांनी पिशवीची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "पायथ्यापर्यंत येते मी. पुढचं पुढं बघू."

नवऱ्यानं मागून त्यांच्या खांद्याला मिठी मारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सोड रे, उलटी होईल."

सुट्टी लागली आणि ते निघाले. तक्त्यात सगळं होतं. पहिला दिवस सपाटीचा. दर पन्नास मिनिटांनी थांबा, प्रत्येक थांब्याला स्वच्छतागृह आहे ना याची फोन करून खात्री केलेली. आजोबांसाठी घडीचं स्टूल. धाकटीसाठी तिचं निळं पांघरूण, ज्याच्याशिवाय ती झोपत नाही, आणि ते हरवलं तर म्हणून त्याच कापडाचा आणखी एक तुकडा. मुक्काम पायथ्याच्या गावात, तळमजल्यावरच्या खोल्या. नवऱ्यानं तक्ता वाचून विचारलं, "यात मी झोपायची वेळ कुठाय?" तिनं बोटानं दाखवली. खरंच होती: दीड ते दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतात तर खिडकीभर डोंगर. आजी अंगणात उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"एक बाजू उभी, एक उतरती," थोरली त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली. "बरोबर होतं तुझं."

"इथून दिसतंय तेवढं बरोबर आहे," आजी म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "गोळी घेतलीय मी. आठ वाजता."

तक्तेबाईनं घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस. तिनं फक्त मान हलवली. जास्त बोललं तर बिघडेल असं तिला वाटलं.

कोरडा टोस्ट आणि थोडं पाणी घेऊन साडेआठला निघाले. आजी पुढे, डावीकडच्या खिडकीशी. मधल्या रांगेत नवरा आणि त्याच्या दोन बाजूंना मुली. सगळ्यांत मागे आजोबा आणि सामान. सामान इतकं की मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं.

"एक!" थोरली ओरडली. "दोन!"

चौथं वळण आलं. आजोबा नंतर म्हणाले की त्यांना तो दगड ओळखता आला होता, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. तक्तेबाईनं वळणाआधी वेग उतरवला, हात सैल ठेवले, गाडी आपली आपण वळल्यासारखी वळली. पाच. सहा. आजींचे डोळे उघडे होते. समोर, रस्ता जिथं नाहीसा होत होता तिथं त्यांनी नजर लावली होती. बाराव्या वळणाला झऱ्यापाशी थांबा. एकविसाव्याला धाकटीचं गाणं संपून किंचाळणं सुरू झालं, तिथं दुसरा. आजी दोन्ही वेळा गाडीतून उतरल्या, पाय मोकळे केले, परत बसल्या. "बरं वाटतंय का?" असं कुणीही विचारायचं नाही, हा नवऱ्यानं सगळ्यांना दिलेला दम होता.

अठ्ठाविसावं वळण मागे पडलं आणि समोर बस आली.

रस्ता तिथं मुळात अरुंद. त्यातून डोंगराच्या बाजूला दुरुस्तीच्या खडीचे ढीग पडलेले. बस खाली उतरत होती आणि तिच्यामागे तीन गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक ठेवून थांबल्या. बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि तक्तेबाईच्या खिडकीशी न येता थेट मागच्या दाराशी, नवऱ्याकडे गेला.

"साहेब, वळणापलीकडे रुंद जागा आहे. तुम्ही बसा स्टिअरिंगला आणि घ्या मागे. बाईंना नाही जमायचं हे."

नवऱ्यानं थोरलीच्या अंगावरून वाकून काच पूर्ण खाली केली. "अहो, मी घेतली तर सगळे दरीत जाऊ," तो अगदी शांतपणे म्हणाला. "गाडी तीच चालवते. तिलाच विचारा."

तक्तेबाईनं स्टिअरिंग पुन्हा नीट धरलं. दहापैकी सात, तिच्या डोक्यात फिरत होतं. इथं टायर नव्हते. तिनं आरशात पाहिलं. उजवीकडचा आरसा ठीक होता, खडी दिसत होती. डावीकडच्या आरशात नुसतं गवत. रस्त्याच्या कडेचं गवत, आणि त्या गवताखाली जमीन आहे की हवा, ते आरशात कळत नव्हतं. मागची काच सामानानं भरलेली.

"तू खाली उतर," ती नवऱ्याला म्हणाली. "वळणावर जाऊन उभा राहा, खालून येणाऱ्या गाड्या थांबव. मुली उतरू देत, त्या डोंगराच्या बाजूला आजोबांबरोबर उभ्या राहतील. आई, तुम्हीही…"

"मी उतरले तर तुला ही बाजू कोण सांगणार?" आजी म्हणाल्या.

"तुम्ही नको, आई. मागे बघावं लागेल. खाली बघावं लागेल. हा बसवाला बघेल."

"त्याला तुझं जमेल असं वाटत नाही. तो काय सांगणार?" आजींनी खिडकीची काच खाली केली. पट्टा सोडला. मग ज्या बाईनं सव्वीस वर्षं चालत्या गाडीत मान कधी वळवली नव्हती, तिनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि मागे, खाली, चाकाकडे आणि चाकापलीकडच्या दरीकडे पाहिलं.

"चल. घे मागे."

तो आवाज तक्तेबाईनं पूर्वी ऐकला नव्हता. घरातला नव्हता तो. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता.

"सरळ. सरळच. दोन हात जागा आहे. ये. ये. थोडी तुझ्याकडे. आणखी. हां, आता सरळ."

गाडी इंच इंच मागे सरकत होती. तक्तेबाई उजवीकडच्या आरशात खडी बघत होती आणि डावीकडचं सगळं आजींच्या तोंडून ऐकत होती. वळण सुरू झालं.

"आता फिरव. थोडंच. हातभर जागा. ये. वीतभर…"

चाकाखालून दगड सुटले आणि खाली घरंगळत गेले. पोचल्याचा आवाज आला नाही.

"थांब!"

ती थांबली. पाय ब्रेकवर दाबलेला.

"पुढं घे हातभर. मग तुझ्याकडे पूर्ण फिरवून मागे ये," आजी म्हणाल्या. आवाज तसाच होता. "घाई नाही कुणाला. बस थांबेल. थांबायलाच बसलीय ती."

तिनं पुढं घेतलं. फिरवलं. मागे आली. आरशात नवरा दिसला, दोन्ही हात पसरून खालच्या दोन गाड्या अडवून उभा. मग डोंगराच्या बाजूला सपाट, रुंद जागा आली, मागची चाकं तिच्यावर चढली, आणि आजी म्हणाल्या, "बास."

तिनं हँडब्रेक ओढला. बस हळूहळू शेजारून गेली. खिडक्यांमधून माणसं बघत होती. मागच्या सीटवरच्या एका बाईनं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. ड्रायव्हरनं जाता जाता सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावला. या वेळी तक्तेबाईकडे बघून.

नवरा धावत आला, मुली आल्या, आजोबा लंगडत आले. सगळे आजींच्या खिडकीशी गोळा झाले. आजींचा चेहरा पांढराफटक होता, केस विस्कटलेले, हाताला खिडकीच्या कडेचा वळ. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. नवऱ्यानं पटकन पिशवी पुढे केली.

"ते ठेव आत," आजी म्हणाल्या. "भूक लागलीय मला. बटाटे कुठायत?"

उकडलेले बटाटे डब्यात होते. आजींनी रस्त्याच्या कडेला आजोबांच्या स्टुलावर बसून मीठ लावून दोन खाल्ले, तिसरा निम्मा खाल्ला आणि उरलेला सुनेच्या तोंडात घातला. तक्तेबाई चावता चावता रडायला लागली, आणि मग हसायला लागली, आणि ठसका लागला तेव्हा आजींनी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. "रस्ता अजून आहे," त्या म्हणाल्या. "आधी गाडी, मग रडणं."

वर पोचले तेव्हा थोरलीचा हिशोब एकोणचाळीसवर आला होता. पाटीवर सदतीस लिहिलं होतं. आजोबांनी समजावलं, बापानं समजावलं, तिचं एकच, "अठ्ठाविसावं तीन वेळा झालं. एकदा जाताना, एकदा उलटं, एकदा परत. आजीला विचारा." आजींनी तिची बाजू घेतली, त्यामुळे एकोणचाळीस कायम झालं.

कठड्याशी उभ्या राहून आजी बराच वेळ पाहत राहिल्या. खाली दरी, समोर रांगेमागे रांग, आणि सगळ्यांत मागे बर्फाचं पांढरं.

"काय गं?" आजोबांनी विचारलं.

"फळ्यावर मी हिला एवढीशी काढायचे," त्या म्हणाल्या आणि अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून दाखवलं. "एवढीशी. आणि म्हणायचे, मुलांनो, ही झाली दरी."

मग दरी तळाशी इतकी रुंद का आहे, असं थोरलीनं विचारलं, आणि त्या सुरू झाल्या. पाण्यानं कापलेली दरी खाली निमुळती होते. ही तशी नाही, हा बर्फाचा उद्योग आहे, हजारो वर्षं बर्फ घसरत आला आणि तळ घासत गेला. तो बघा मोठा धोंडा, तो इथला नाही, त्याला बर्फानं उचलून आणलं. शेजारचं एक जोडपं ऐकायला थांबलं. मग शाळेची चार मुलं. मग त्यांचे आईबाप. एकानं विचारलं, "तुम्ही नेहमी येता का इथं?"

"पहिल्यांदाच आले," आजी म्हणाल्या. "पण ओळख जुनी आहे."

तक्तेबाईनं उस्तादांना फोन करून पोचल्याचं कळवलं. मागे घ्यावी लागली, तेही सांगितलं. "टायर?" त्यांनी विचारलं.

"सगळे उभे," ती म्हणाली.

"उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये," उस्ताद म्हणाले, आणि फोन ठेवताना त्यांचं हसणं ऐकू आलं.

दुपारी वरच्या मुक्कामाच्या खोलीत आल्यावर ती पाच मिनिटं आडवी होते म्हणाली. तक्त्याप्रमाणे तीन वाजता तळ्यापर्यंत चालत जायचं होतं, सपाट वाटेनं, आजोबांच्या गुडघ्यांना झेपेल असं. तिनं गजर लावायला फोन हातात घेतला आणि तो तसाच छातीवर राहिला.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. खोली रिकामी. कोणीतरी तिच्या अंगावर धाकटीचं निळं पांघरूण घातलं होतं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंत जेमतेम पोचत होतं. ती दचकून उठली आणि खिडकीशी गेली.

तळ्याच्या वाटेवर कुणीच नव्हतं. समोरच्या हिरव्या उतारावर मात्र, तक्त्यात कुठंही नसलेल्या उतारावर, पाच जण चढत होते. नवरा सगळ्यांत मागे, आजोबांचं स्टूल डोक्यावर घेऊन. त्याच्या पुढे आजोबा, दर दहा पावलांनी थांबून इकडंतिकडं बघणारे. थोरली वाकड्यातिकड्या रेषेत पळत होती. आणि सगळ्यांच्या पुढे, धाकटीचा हात धरून, पदर कमरेला खोचून आजी. त्या थांबत नव्हत्या. वर, टेकाडाच्या माथ्याकडे बघत सरळ निघाल्या होत्या.

तक्तेबाईनं खिडकी उघडली. "आई! थांबा, मीही येते!"

आजींनी वळून वरूनच हात हलवला. त्या काय म्हणाल्या ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण 'थांबते' असं नक्कीच नव्हतं. तक्तेबाईनं बूट पायात सरकवले, नाड्या न बांधताच दार ओढून घेतलं आणि गवतातून धावत सुटली.